आशाताईंची बाटली की डॉक्टरांचे थेंब? (मुलगी सव्वा वर्षाची, हिमोग्लोबिन ८.९)

चिऊची_आई:
सर्दीसाठी नेलं होतं, डॉक्टरांना तिचे तळहात पांढुरके वाटले म्हणून रक्त तपासलं. रोज द्यायला लोहाचे थेंब लिहून दिलेत. आशाताईंनी आधीच एक बाटली दिलेली आहे, आठवड्यातून दोनदा एक मिली. दोन्ही द्यायचं का? थेंब सुरू केल्यापासून शी काळीकुट्ट होतेय. सासूबाई म्हणतात पोट बिघडलं, बंद कर, बीट आणि गूळ दे. पोरगी जेवतच नाही. दिवसभर बाटलीने दूध, संध्याकाळी आजोबांच्या बशीतलं चहा-बिस्कीट. आणि भिंतीचे पोपडे काढून खाते!

निवृत्त_सिस्टर:
नंदुरबारकडे उपकेंद्रावर नोकरी झाली माझी. काळी शी बघून बाटली परत आणून देणाऱ्या आया खूप पाहिल्या. अंगात न मुरलेलं लोह बाहेर पडतं, म्हणून रंग काळा. शीत लाल रक्त दिसलं किंवा पोर मलूल झालं तर मात्र लगेच दाखवा.

दोन्ही एकदम नको. आशाताईंची बाटली प्रतिबंधाची: एका मिलीत २० मिलिग्रॅम लोह, १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, ६ महिने ते ५ वर्षांच्या सगळ्याच मुलांसाठी. चिऊला आता उपचाराचा डोस हवा, म्हणजे रोज, वजनावर, साधारण किलोमागे ३ मिलिग्रॅम. दुकानातल्या थेंबांत लोहाचं प्रमाण कंपनीगणिक वेगळं असतं, तेव्हा किती थेंब ते डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच. ताप किंवा जुलाब असतील तेव्हा विचारून थांबवा. दोन्ही बाटल्या उंचावर, कुलपात. पोराने गोड लागलं म्हणून अख्खी बाटली प्यायली तर जिवावर बेततं.

पोपडे, माती, खडू खाणं हे बहुतेकदा लोह कमी असल्याचंच लक्षण. दूध दिवसाला दोन कपांच्या वर नको. दुधात लोह नावालाच, आणि पोट दुधाने भरलं की वरणभात कोण खाणार? चहा तर पूर्ण बंद, त्याने जेवणातलं लोह अंगी लागत नाही. (आजोबांना हे सांगायचं काम नवऱ्यावर सोपवा.) बीट-गुळाने ८.९चे ११ होत नाहीत. मऊ वरणावर लिंबू पिळा, राजगिरा, मेथी द्या, घरात चालत असेल तर अंडं आणि कलेजी. जंताची गोळी चुकली असेल तर विचारा. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला अंगणवाडीत देतात, तिच्या वयाला अर्धी, चुरून.

झाडीपट्टीकर:
सिस्टरांच्या म्हणण्यात एक भर. आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडे प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो. भाचीला महिनाभर नेमाने लोह दिलं, हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. शेवटी सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) निघाला. महिन्याने परत तपासा, निदान एकाने तरी वाढायला हवं. नाही वाढलं तर बाटली बदलत बसू नका, पुढची तपासणी करा.

तर्कटराव:
२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय. त्याआधीच्या फेरीत ५३.८. मग या बाटल्या जातात कुठे?

निवृत्त_सिस्टर:
फुकटचं म्हणून फडताळात पडतात, तर्कटराव. शिवाय त्या सर्वेक्षणात बोटाच्या थेंबावर मोजतात. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त घेतलं, तेव्हा देशभरातल्या १ ते ४ वर्षांच्या मुलांत ४१ टक्के निघाले. तरी दहातली चार पोरं, कमी नाहीत.

चिऊची_आई:
थेंबच देते मग. पण पुढचे दात काळपट दिसायला लागलेत, त्याचं काय करू?

निवृत्त_सिस्टर:
ड्रॉपर गालाच्या आत, मागे धरून सोडा आणि वरून दोन चमचे पाणी पाजा. डाग वरवरचे असतात, मऊ ब्रशने घासलं की जातात.