गुमीतला भारत तुम्ही कुठं बसून बघितला? (अनुभव धागा)

मंडळी, २७ ते ३१ मे २०२५ ला दक्षिण कोरियात गुमीला एशियन ॲथलेटिक्स चॅम्पियनशिप झाली. आपली २४ मेडलं, ८ गोल्ड, १० सिल्व्हर, ६ ब्राँझ, चीनच्या मागं दुसरा नंबर. अन् २९ मे ला, ज्या दिवशी आपला अविनाश साबळे गोल्ड घेऊन आला, त्या दिवशी आमच्या लातुरात रूमवर सगळी पोरं रात्रीच्या आयपीएल क्वालिफायरचंच बोलायली होती. मी एकटा मोबाईल धरून ओरडलो तर शेजारच्या रूममधनं विचारलं काय झालं रे, कोण आऊट झालं. तेव्हापासून मनात होतं की आपल्या मराठवाड्यात अजून कुणी कुणी हे बघितलं ते विचारावं. जमंल तसं लिहा, गुमीचं नसलं तरी चालंल, टीम इंडियाचं कुठलंही पळणं लिहा.

आष्टी, जि. बीड
आमचं गाव साबळेच्या मांडव्यापासून लांब नाही, त्यामुळं साबळे पळायला लागला की आमच्याकडं कुणीच नुसता बघत नाही, प्रत्येकजण मनातल्या मनात पळतो. त्या साली पाऊस मे मध्येच आला म्हणून त्या दिवशी बियाणं बघायला आष्टीला गेलतो, कृषी केंद्राच्या बाकड्यावर बसून मोबाईल लावला, बघता बघता आठ-दहा जण गोळा झाले. एक म्हातारबाबा म्हणले, आरं हे बुटं घालून पाण्यात काहून उड्या मारायलेत? मग मी सगळं सांगितलं, बाबा ही स्टीपलचेस, ३००० मीटर पळायचं, २८ वेळा अडथळा अन् ७ वेळा पाणी. अडथळा बरोबर तीन फूट. अन् हर्डलच्या शर्यतीत पाय लागला तर हर्डल पडतं, हितं अडथळा हलत बी नाही, माणूसच पडतो. बाबा एकदम गप बसले, मग म्हणले, बैलासारखं काळीज पाहिजे.

पहिले काही राउंड तो मागं मागंच राहिला तर पोरं घाबरली, मी म्हणलं थांबा, त्यो दम राखून ठेवायलाय. शेवटाला जे सुटलाय ना! ८:२०.९२. या इव्हेंटला भारताला ३६ वर्षांनी गोल्ड. म्हातारबाबांनी दुकानातल्या पोराला चहा सांगितला, सगळ्यांना, स्वतःच्या पैशानं. ज्यांच्या पिशवीत दोन बॅगा बियाण्याचे पैसे मोजून आणलेले असतात त्यांनी दहा चहा सांगणं काय असतं ते आपल्याकडच्यालाच कळतं.

२०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्सला साबळेचं फक्त ०.०५ सेकंदानं गोल्ड हुकलं होतं, केनियाचा किबिवोट पुढं गेला. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही म्हणलं तर खोटं वाटंल पण आमच्या भावानं खरंच ताट सारलं होतं. नंतर कळलं की १९९४ नंतर त्या शर्यतीत केनिया सोडून दुसऱ्या देशाला मेडल मिळालेलं ते पहिलंच.

परभणी
मी पोलीस भरतीची तयारी करते, ८०० मीटर, १०० मीटर अन् गोळाफेक. मला ज्योती याराजीची शर्यत आठवते. गुमीत साबळेच्याच दिवशी पाऊस पडलेला, ट्रॅक ओला, स्टेडियम जवळजवळ रिकामं, अन् ती १०० मीटर हर्डल १२.९६ मध्ये पळली, चॅम्पियनशिपचं रेकॉर्ड. राष्ट्रगीत चालू असताना ती रडायली होती अन् समोर टाळ्या वाजवायला कुणीच नाही. मी ते पाच-सहा वेळा बघितलं असंल, दर वेळी डोळ्यात पाणी आलं. आम्ही पहाटे साडेचारला रोडनं पळतो, कारण जे ग्राउंड आहे तिथं लग्नसराईत मांडव पडतो अन् मग महिनाभर खिळे अन् काचा निघतात, माझ्या मैत्रिणीच्या टाचेत खिळा गेला, तिची ती भरती गेली. आम्हालाबी बघायला कुणी नसतं, एखादा दुधवाला सोडला तर. त्यामुळं रिकाम्या स्टेडियममध्ये रेकॉर्ड करणारी बाई मला लई जवळची वाटली. बायकांच्या ४ गुणिले ४०० रिलेचं गोल्ड पण विसरू नका, त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

नांदेड
मी पीटीचा मास्तर आहे, २२ वर्षं झाली. आनंद मलाबी झाला पण थोडं सरळ बोलतो. २०२३ ला बँकॉकला ह्याच चॅम्पियनशिपमध्ये आपली २७ मेडलं होती, म्हणजे आकडा वाढला नाही, गोल्ड मात्र ६ चे ८ झाले ही खरी कमाई. अन् आशियातली मेडलं जगात उतरत नाहीत अजून. २०२५ च्या सप्टेंबरात टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला आपण हात हलवत आलो, भालाफेकीत नीरज आठवा, सचिन यादव ८६.२७ मीटर फेकून चौथा. आपल्या नाशिककडचा सर्वेश कुशारे उंच उडीत २.२८ मारून सहावा आला, त्या इव्हेंटच्या फायनलला गेलेला पहिला भारतीय, आमच्या शाळेत मी ते फळ्यावर लिहिलं. साबळे तर तिथं नव्हताच, जुलैत मोनॅकोला गुडघ्याची लिगामेंट गेली. एका पोराच्या गुडघ्यावर अख्ख्या मराठवाड्याची आशा, हे बरं नाही. दुसरा कुठाय?

कन्नड, छ. संभाजीनगर
सर, दुसरा हाय की. आमच्या देवगाव रंगारीचा तेजस शिरसे, ११० मीटर हर्डल, २०२४ ला फिनलंडमध्ये १३.४१ पळून नॅशनल रेकॉर्ड केलं. त्याच्या आधी सिद्धांत थिंगलायाचं १३.४८ होतं. बाजाराच्या दिवशी कुणीतरी ही बातमी मोठ्यानं वाचली तर माझी आजी म्हणली, तेरा सेकंदात तर माझी चूल बी पेटत नाही.

आष्टी, जि. बीड (परत मीच)
मास्तर, तुमचं पटलं, गुडघ्याची बातमी आली तेव्हा त्या बाबांनी रस्त्यात गाठून विचारलं, पोरगं चालतंय ना? पळतंय का नाही ते विचारलंच नाही. बाकी दुसऱ्याचं म्हणाल तर आमचे दोन पुतणे पाटाच्या कडंला दोन खुंटं रोवून वर लिंबाचा ओंडका बांधतेत अन् त्याच्यावरनं पाण्यापलीकडं उड्या मारतेत. कालच टेप लावून बघितला, तीन फुटाला चार बोटं कमी भरतोय. रविवारी वर घेतो.