टोटल लॉस झालेली स्विफ्ट सॅल्वेज लिलावातून घेऊन उभी करायची आहे, कुणी केलंय का?

सातारी_चाकं

नमस्कार मंडळी. इन्शुरन्स कंपनीच्या सॅल्वेज लिलावात (म्हणजे क्लेम देऊन ताब्यात आलेल्या ठोकलेल्या गाड्यांच्या) एक २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल निघालीये. पुढून ठोकलेली आहे, बंपर बोनेट दोन्ही हेडलाईट रेडिएटर सगळं गेलंय, उजवा फेंडर आत घुसलाय, पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडल्यात. इंजिन सुरू होतं असं लिस्टिंगमध्ये लिहिलंय पण मी अजून ऐकलेलं नाही. यार्ड चाकणच्या बाजूला आहे, या आठवड्यात बघायला जायचंय. बोली दीड लाखाच्या आसपास थांबेल असं वाटतंय, आणि अशीच न ठोकलेली गाडी बाजारात पाचच्या खाली कोण देत नाही.

ओळखीच्या गॅरेजवाल्याने फोटो बघून पत्रा, पेंट, पार्ट सगळं धरून दोन लाखात उभी करून देतो म्हणून सांगितलंय. म्हणजे साडेतीन, फार तर पावणेचार. विकायला नाही घेत, घरच्यासाठीच, आई-बाबा, बायको, पोरगी सगळे बसणार गाडीत. कागदाचं काय बघायचं, गाडीत काय बघायचं आणि हा दोन लाखाचा आकडा खरा वाटतो का, एवढं सांगा. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी तर नक्की लिहा.

सर्व्हेअर_काका

रोड ॲक्सिडेंटचे क्लेम बघण्यात आयुष्य गेलं माझं, म्हणून आधी कागदाचं सांगतो. गाडी बघायला जायच्या आधी हे उरकून घ्या, नाहीतर पेट्रोल फुकट जाईल.

पहिलं म्हणजे ही गाडी टोटल लॉस का झाली ते समजून घ्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांच्या वर गेला की पॉलिसीप्रमाणे ती कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस धरतात. तो खर्च कंपनीच्या वर्कशॉपच्या एस्टिमेटने काढलेला असतो, सगळे पार्ट नवे आणि लेबर त्यांच्या रेटने. आणि गाडी चार-पाच वर्षांची झाली की आयडीव्ही निम्म्यावर आलेली असते, त्यामुळे मधल्या धडकेतली गाडीसुद्धा टोटल लॉसमध्ये जाते. म्हणून टोटल लॉस म्हणजे भंगारच असं नाही, पण दुसऱ्या बाजूला खरोखर संपलेली गाडीही त्याच यादीत त्याच नावाने उभी असते, आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात.

आता मुख्य गोष्ट. लॉट 'विथ आरसी' आहे का 'विदाऊट आरसी', हे लिस्टिंगमध्ये बघा आणि यार्डवाल्याकडून लेखी घ्या. विदाऊट आरसी असेल तर ती फक्त पार्टसाठी आहे, रस्त्यावर कधीच येणार नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे आणि मग नोंदणी रद्द होते. रद्द झालेल्या आरसीवर एखादा एजंट 'करून देतो' म्हणाला तर तिथून उठा. अशाच टोटल लॉस गाड्यांचे नंबर आणि चेसिस नंबर चोरीच्या गाड्यांना लावायचा धंदा चालतो, त्यात पोलीस शेवटी दारात येतात ते सध्या गाडी ज्याच्याकडे आहे त्याच्या.

विथ आरसी असेल तर सरकारच्या 'वाहन' साईटवर नंबर टाकून स्टेटस ॲक्टिव्ह आहे का, ब्लॅकलिस्ट आहे का, बँकेचा बोजा आहे का, ई-चलन किती बाकी, सगळं बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर जुन्या मालकाच्या सह्या, त्याच्या ओळखपत्राची कॉपी आणि चालू मोबाईल नंबर आधीच घ्या, कारण ऑनलाईन अर्जाला त्याच्या ओटीपीशिवाय गाडी पुढे सरकत नाही. ट्रान्सफरला चालू इन्शुरन्स आणि पीयूसी लागते, आणि पीयूसी गाडी उभी राहिल्यावरच निघणार. म्हणजे मधले काही महिने गाडी तुमच्या पैशाची आणि नाव त्याचं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच भरपाईसाठी मालक धरायचा. त्यामुळे शहाणा मालक घाई करेल, आणि तुम्हीही करा.

अजून एक, हे कुणी विचारतच नाही. त्या अपघातात कुणी दगावलं होतं का? असेल तर गाडी पोलीस केसमधली आहे, कोर्टाने ती मालकाला सुपूर्तनाम्यावर, म्हणजे केस संपेपर्यंत सांभाळायला, दिलेली असते आणि त्यात परवानगीशिवाय विकायची नाही, बदल करायचा नाही अशा अटी बहुतेक वेळा असतात. एफआयआरची कॉपी मागा. देत नसतील तर तो लॉट सोडा.

उद्यमनगर_डेंटर

काकांनी कागदाचं बरोब्बर सांगितलंय. आता लोखंडाचं मी सांगतो, कोल्हापुरात बॉडी शॉप हाय माझं.

भावा, बोनेट, बंपर, फेंडर, लाईट याकडं बघूच नको, ते बोल्टवर बसतं आणि बोल्टवर निघतं, जुना माल कुर्ल्याला नाहीतर पुण्यात नाना पेठेत मिळून जातो. बघायचं ते त्याच्या मागं. बोनेट उघडून दोन्ही बाजूचे ॲप्रन, म्हणजे फेंडरच्या आतले पत्रे, बघ, सस्पेन्शनचा टॉवर जिथं वर येतो तिथं पत्र्याला घडी पडलीय का, सीलर तुटलाय का, पेंटला बारीक चरे गेलेत का. मग खाली बसून चेसिस लेग बघ, म्हणजे बंपरमागून इंजिनच्या दोन्ही बाजूनी मागं जाणारी पेटी. टोकाला चुरगाळलीय तर ठीक, ती चुरगाळायलाच केलेली असती. पण फायरवॉलपाशी, पायाच्या पेडलजवळ वाकली असंल तर गाडी सोडून दे, त्यात काय बी चर्चा नको.

टेप घेऊन जा. एका टॉवरच्या बोल्टपासून पलीकडच्या लेगच्या टोकाच्या भोकापर्यंत तिरकं माप, मग उलट्या बाजूनं तसंच. चांगल्या गाडीत दोन्ही सारखी येतात, चार-पाच मिलिमीटरच्या वर फरक आला की सांगाडा तिरका झालाय. उजवं पुढचं दार उघडून बंद कर, दाराची वरची फट आणि मागची फट एका रेषेत हाय का बघ, दार उचलून लावावं लागत असंल तर ए पिलर, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूचा खांब, सरकलाय. चाक आणि फेंडर यातलं अंतर दोन्ही बाजूला मोज. उजवा फेंडर आत घुसलाय म्हणतोस म्हणजे त्या बाजूचा लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) आणि सबफ्रेम (इंजिनखालची चौकट) मार खाल्लेला असणार हे धरूनच चाल.

इंजिन चालू होतं म्हणून खूश होऊ नको. रेडिएटर फुटल्यावर ती गाडी यार्डात किती वेळा चालू करून दाखवली असंल कुणाला माहीत, पाण्याशिवाय दोन मिनिटं जास्त फिरवली की हेड गॅस्केट जातं. डिपस्टिक काढून ऑईल बघ, पांढरट साय दिसली की कळलं. गिअरबॉक्सचं माउंटिंग आणि घंटी (इंजिनला जोडणारं घंटीच्या आकाराचं कव्हर) टॉर्च लावून बघ, आडव्या धडकेत तिथं तडा जातो आणि तो वरून दिसत नाही.

आणि त्या गॅरेजवाल्याला विचार, ओढायला काय हाय त्याच्याकडं? बेंचवर गाडी बांधून, चारी बाजूनी माप घेऊन ओढायचं मशीन असंल तर ठीक. झाडाला साखळी बांधून आणि गॅस लावून लेग सरळ करतो म्हणाला तर नको. आताच्या गाड्यांचं पोलाद लई कडक असतंय, लाल होईस्तोवर तापवलं की त्याची ताकद गेली, वरून रंग मारला की कुणाला कळत नाही, पण पुढच्या धडकेला ती जागा कागदासारखी मिटती. फोटो बघून दोन लाख सांगणाऱ्यानं लेग बघितलेलीच नाही, मग त्यात लेगचा खर्च कसा धरणार तो?

सातारी_चाकं

काका, दादा, खूप खूप आभार, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. गॅरेजवाल्याला लगेच फोन केला. ओढायचं मशीन त्याच्याकडे नाही, बाहेरून करून आणेल म्हणतो. आणि एअरबॅगचं विचारलं तर म्हणाला ते नवीन घालायला गेलो तर हिशोब बसत नाही, दोन लाखात ते धरलेलं नाही, स्टिअरिंगचं कव्हर बदलतो, डॅशबोर्ड चिकटवून घेतो आणि एक रेझिस्टर टाकतो म्हणजे मीटरमधला लाल दिवा विझतो, गाडी मस्त चालते. हे असं करतात का खरंच लोक?

चाकणची_इंजिनिअर

करतात, आणि ते वाचून अंगावर काटा येतो. मी सेफ्टी पार्टच्या टेस्टिंगमध्ये काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, प्लीज पूर्ण वाचा.

तो दिवा म्हणजे सिस्टीमने दिलेली खबर आहे. गाडी चालू केल्यावर एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे तिचा छोटा कॉम्प्युटर, प्रत्येक सर्किटचा रेझिस्टन्स मोजतं, बॅग जागेवर आहे का बघतं. तिथे तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर लावला की मॉड्यूलला वाटतं बॅग आहे. दिवा विझतो, पुढचा मालक किंवा इन्शुरन्सचा माणूस बघतो तेव्हा सगळं ठीक दिसतं, आणि धडक झाली की त्या स्टिअरिंगमधून काहीही बाहेर येत नाही. बॅग फुगायला साधारण ३० ते ५० मिलिसेकंद लागतात, तेवढ्या वेळात माणूस स्वतःसाठी काहीच करू शकत नाही, म्हणून तर ती यंत्रणा आहे.

आणि फक्त बॅगचं नाही. बॅग उघडते तेव्हा बहुतेक वेळा पुढच्या सीटबेल्टचे प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेत बेल्ट घट्ट ओढणारे भागही उडालेले असतात. त्यात छोटा स्फोटक भाग असतो, तो एकदाच चालतो. यार्डात गेल्यावर दोन्ही पुढचे बेल्ट ओढून बघा. अडकलेला असेल, परत आत जात नसेल किंवा बकलचा दांडा खाली खेचला गेलेला दिसला तर तो बेल्ट संपला. पट्ट्यावर इस्त्रीने भाजल्यासारखी चमक किंवा सुटलेले धागे दिसले तर तोही बदलायचा, दिसायला कितीही चांगला असो. बेल्ट तर बॅगपेक्षाही आधी, कारण बेल्ट न लावलेल्या माणसाला बॅग उलट इजा करू शकते.

म्हणजे यादी अशी होते: ड्रायव्हर बॅग, पॅसेंजर बॅग, अख्खा डॅशबोर्ड (पॅसेंजर बॅग डॅश फाडूनच बाहेर येते, चिकटवलेला डॅश पुढच्या वेळी कसा फाटेल ते कुणी सांगू शकत नाही), क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधली बॅगच्या वायरची गुंडाळी), पुढचे सेन्सर, दोन्ही बेल्ट बकलसकट आणि मॉड्यूल. मॉड्यूलमध्ये क्रॅशची नोंद पक्की बसते, लोक ती पुसून देतात, मी स्वतःच्या घरच्या गाडीत नवीनच घालेन. यातलं काहीही जुन्या बाजारातून घेऊ नका. तिथली बॅग कुठल्या गाडीतून निघाली, पाण्यात होती का, तिच्यावर काय गेलंय, कुणालाही माहीत नसतं. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवरून कोटेशन घ्या आणि ती रक्कम दोन लाखाच्या वर धरा. माझ्या अंदाजाने पाऊण लाख ते एक लाख वाढतील. काम करणाऱ्याला बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू देऊ नका.

तुमची मुलगी बसणार आहे गाडीत असं तुम्हीच लिहिलंय. हा खर्च धरून परवडत असेल तरच बोली लावा.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. एकच भर घालतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडून गाड्यांच्या गाड्या क्रेनने उचलून गेल्या आणि त्यातल्या कितीतरी धुवून पुसून राज्यभर विकल्या गेल्या असणार. ठोकलेल्या गाडीला पूरही लागलेला असू शकतो. सीटच्या रुळावर गंज, कार्पेट उचलल्यावर खाली बारीक गाळ, फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट थर, बेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर शेवटच्या हातभर भागावर पाण्याची रेघ, यातलं एक जरी दिसलं तर घेऊ नका. एअरबॅगचं मॉड्यूल बऱ्याच गाड्यांत दोन सीटच्या मधल्या उंचवट्यावर, खालीच असतं, पाणी पहिलं तिथेच शिरतं. ठोकलेली गाडी दुरुस्त होते, बुडलेली गाडी वर्षभर रोज नवीन काहीतरी दाखवत राहते.

एडिसन_ते_इचलकरंजी

न्यू जर्सीत राहतो, इथे हा छंद असलेले बरेच मित्र आहेत. कोपार्टसारख्या कंपन्या (१९८२ पासून, कॅलिफोर्नियात सुरू झालेली) रोज हजारो गाड्या ऑनलाईन लिलावात काढतात. इथला मोठा फरक म्हणजे टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद. एकदा 'सॅल्वेज' शिक्का बसला की दुरुस्त करून, तपासणी करून घेतल्यावर 'रीबिल्ट' होतं, पण तो शिक्का जात नाही आणि व्हिन (चेसिस) नंबर टाकला की पुढच्या ग्राहकाला कळतं. नियम प्रत्येक राज्यात वेगळे, पण सर्वसाधारण चाल हीच. लिलावातले फोटोसुद्धा वर्षानुवर्षं नेटवर सापडतात.

भारतात ती सोय नाही, म्हणून माझी कळकळीची विनंती, तुम्ही स्वतः ती फाईल बनवा. लिलावाची पावती, धडकलेल्या अवस्थेतले फोटो, लेग ओढायच्या आधीची आणि नंतरची मापं, एअरबॅगचं कंपनीचं बिल, अलाइनमेंटचा रिपोर्ट. उद्या विकाल तेव्हा घेणाऱ्याला ती द्या. किंमत कमी येईल, येऊ दे.

लिस्टिंगमधल्या 'इंजिन सुरू होतं' वर पण जाऊ नका. इथे 'रन अँड ड्राईव्ह' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की यार्डात आली तेव्हा ती सुरू झाली, गिअर पडला आणि जागेवरून हलली. रस्त्यावर चालेल असा नाही.

सातारी_चाकं

काल यार्डात जाऊन आलो, उद्यमनगरवाल्या दादांचं सगळं मोबाईलवर उघडून ठेवलं होतं. लॉट विथ आरसी आहे, स्टेटस ॲक्टिव्ह, बोजा नाही. एफआयआर नाही, मालक म्हणतो डिव्हायडरला एकटाच धडकला होता, क्लेम फॉर्मवरही तसंच आहे. पूर लागल्याची खूण दिसली नाही. ऑईल स्वच्छ. तिरक्या मापात मात्र अकरा मिलिमीटरचा फरक आला, उजवी लेग टोकाकडून साधारण वीतभर चुरगाळलीय, पेडलपाशी सरळ वाटते. उजवा बेल्ट अडकलाय, डावा ठीक चालतो. एअरबॅग, डॅश, बेल्ट, मॉड्यूल सगळ्याचं कोटेशन घेतलं, ताईंचा अंदाज बरोबर निघाला. आता सगळं धरून आकडा साडेचारच्या पुढे जातोय. डावा बेल्ट चालतोय तर तो ठेवला तर चालेल का? आणि अकरा मिलिमीटर म्हणजे सोडूनच द्यायची का?

उद्यमनगर_डेंटर

अकरा म्हणजे सोडून द्यायची असं नाही, टोकाकडची वीतभर असंल तर तो भाग कंपनीच्या जोडावर कापून नवीन घालता येतो, बेंचवर बांधून. पण ज्याच्याकडं बेंच नाही त्याच्याकडं नाही. साताऱ्यातनं कोल्हापूर काय लांब नाही, यार्डातनं फ्लॅटबेडनं थेट इकडं आण, मी नाहीतर उद्यमनगरात दुसरा कुणीतरी बघंल, माप बघून मगच आकडा सांगतो. त्याच्या आधी बोली लावायची असंल तर साडेचार नाही, पाच धरून बोली लाव. त्यात बसत नसंल तर एक लाख तीसच्या वर जाऊ नको, हातातनं गेली तर गेली, असे लॉट दर महिन्याला निघत्यात.

चाकणची_इंजिनिअर

डावा बेल्ट बदलाच. त्या बाजूला कुणी बसलं नसेल म्हणून पट्टा नीट दिसतोय, पण प्रीटेन्शनर उडाला की नाही ते नुसतं ओढून पक्कं कळत नाही, स्कॅनर लावून मॉड्यूलमधला कोड वाचावा लागतो. बोली लावायच्या आधी यार्डात बॅटरी जोडून स्कॅन करू देतात का विचारा. नाही म्हणाले तर दोन्ही बेल्टचे पैसे धरूनच तुमचा वरचा आकडा ठरवा.