विंडोज ७ वरचं थंडरबर्ड मुळापासून काढून पुन्हा टाकायचंय, जुनी पत्रं राहतील का?

अंकवाली
नमस्कार मंडळी. मिरजेहून एक छोटा दिवाळी अंक काढते. लेखकांशी होणारा सगळा पत्रव्यवहार घरच्या जुन्या डेस्कटॉपवर आहे: विंडोज ७ (६४ बिट), ४ जीबी रॅम, मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्राम (आवृत्ती ७८). खातं पॉप पद्धतीचं. मेल उतरला की सर्व्हरवरून पुसला जातो, त्यामुळे २०११ पासूनच्या पत्रांची प्रत फक्त या डिस्कवर आहे.

मध्यंतरी इनबॉक्स कॉम्पॅक्ट होत असताना, म्हणजे पुसलेल्या पत्रांची जागा मोकळी होत असताना, वीज गेली. तेव्हापासून इनबॉक्स उघडला की खिडकी पांढरी पडते आणि 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. कधी उघडलाच तर यादीतल्या एका नावावर क्लिक करावं आणि दुसऱ्याच कुणाचं पत्र समोर यावं, असं चाललंय. दुरुस्तीवाले म्हणतात, सॉफ्टवेअर पूर्ण काढा, ॲपडेटामधला त्याचा फोल्डरही उडवा, मग नवीन टाका.

माझा जीव त्या फोल्डरपाशी अडकलाय. आमचे दोन लेखक आता हयात नाहीत. त्यांनी कथांवर केलेले शेवटचे बदल, त्यावरची आमची वादावादी, सगळं याच इनबॉक्समध्ये आहे. तो फोल्डर उडवला तर पत्रं जातील का?

तारयंत्र
ताई, जातील. त्या फोल्डरला हात लावू नका, आणि दुसऱ्या कुणाला लावूही देऊ नका.

थंडरबर्ड दोन जागी राहतं. प्रोग्राम असतो प्रोग्राम फाइल्समध्ये. तो कंट्रोल पॅनेलमधून काढला तरी मेलला धक्का लागत नाही. तुमची पत्रं, पत्ते, पासवर्ड, खात्याची मांडणी हे सगळं असतं ॲपडेटाच्या रोमिंगमधल्या थंडरबर्ड फोल्डरात, 'प्रोफाइल्स'च्या आत. 'पूर्ण काढा' या सल्ल्यात नेमकं तेच पुसायला सांगतात. मेल सर्व्हरवर असणाऱ्या आयमॅपवाल्यांचं त्यात फारसं बिघडत नाही. तुमचं सगळंच जाईल.

आधी थंडरबर्ड बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये ते मागे चालू राहिलेलं नाही ना, हे बघा. मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून रनची खिडकी उघडा आणि दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह देऊन इंग्रजीत ॲपडेटा टाइप करा. समोर दिसणारा थंडरबर्ड फोल्डर आख्खाच्या आख्खा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. आतलं निवडून घेत बसू नका. पासवर्डच्या दोन फाइली असतात, त्यातली एक राहिली तर दुसरीचा उपयोग नाही.

मला तर वाटतं, पत्रं शाबूत आहेत आणि फक्त त्यांची अनुक्रमणिका बिघडली आहे. प्रोफाइलमधल्या 'मेल' फोल्डरात 'इनबॉक्स' नावाची एक्स्टेन्शन नसलेली मोठी फाइल असेल. पत्रं तिच्यात, एकाखाली एक. शेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल असेल, ती यादी. यादी एक जागा दाखवते आणि पत्र भलत्या जागी असतं, म्हणून दुसऱ्याचं पत्र उघडतं. कॉपी झाल्यावर फक्त ती एमएसएफ फाइल डिलीट करा. थंडरबर्ड ती नव्यानं बनवेल. तिथे 'एनएसटीएमपी' नावाची फाइल दिसली तर ती अर्धवट राहिलेल्या कॉम्पॅक्टची. इनबॉक्स नीट तपासून होईपर्यंत तीही राहू द्या.

नाशिककर
वरच्या कॉपीत एक खाच आहे. पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर जातच नाही, कितीही जागा मोकळी असली तरी. २०११ पासूनचा इनबॉक्स सहज तेवढा असेल. एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेली डिस्क घ्या, तिला ही मर्यादा नाही, आणि कॉपी झाल्यावर दोन्हीकडचा इनबॉक्सचा आकार बाइटपर्यंत जुळतो का ते बघा. अँटिव्हायरसलाही तो फोल्डर वगळायला सांगा. एका पत्रात व्हायरस सापडला म्हणून सगळी इनबॉक्स फाइलच बाजूला टाकल्याची उदाहरणं आहेत.

अंकवाली
तुमचे दोघांचे मनापासून आभार. आमचा इनबॉक्स ६ जीबीच्या वर निघाला आणि पेन ड्राइव्हनं खरंच नकार दिला. भाच्याची बाहेरची डिस्क आणून कॉपी केली, आकार जुळवला. एमएसएफ डिलीट केल्यावर बराच वेळ यादी बनत होती. आता ज्याचं पत्र त्याच्याच नावाखाली उघडतंय!

पण खिडकी अजून अडकते. म्हणून ७८ कंट्रोल पॅनेलमधून काढलं आणि ११५ टाकलं. ते उघडलं तर 'नवीन खातं जोडा' एवढाच पडदा. एकही फोल्डर दिसत नाही. अजून कशालाही हात लावलेला नाही.

तारयंत्र
छान केलंत. नवीन खातं जोडू नका, खिडकी बंद करा. तुमचं जुनं थंडरबर्ड बहुधा ३२ बिटचं होतं, म्हणजे एक्स८६ वाल्या प्रोग्राम फाइल्समधलं. नवीन ६४ बिटचं, दुसऱ्या फोल्डरात बसलं. जागा बदलली की थंडरबर्ड त्याला वेगळं इन्स्टॉलेशन समजतं आणि कोरं प्रोफाइल काढून देतं. जुनं तिथेच आहे.

रनच्या खिडकीत इंग्रजीत थंडरबर्ड डॉट एक्सई, मग एक जागा सोडून उणे चिन्ह आणि कॅपिटल पी लिहा. प्रोफाइलची यादी येईल. सध्या कोरं निवडलेलं असेल, त्याऐवजी दुसरं घ्या. एकदा ११५ मध्ये उघडलेलं प्रोफाइल ७८ मध्ये परत उघडायला थंडरबर्ड नकार देतं, म्हणून बाहेरची डिस्क परत करण्याची घाई नको.

विंडोज ७ वर चालणारी ११५ ही शेवटची मालिका. १२८ ला विंडोज १० लागतं. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला, तेव्हा हा पत्रव्यवहार आज ना उद्या दुसऱ्या मशीनवर न्यावा लागेल. हाच फोल्डर तिकडे नेता येतो.

अंकवाली
आलं! सगळी फोल्डरं, २०११ च्या पहिल्या पत्रापासून. दोघांची शेवटची पत्रं उघडून पाहिली, जोडलेल्या फाइलीसुद्धा उघडल्या. जुनी ॲड-ऑन्स (थंडरबर्डला वरून जोडलेल्या जादा सोयी) ११५ नं आपोआप बंद केली आणि अडकणंही थांबलं, तेव्हा ती परत चालू करणार नाही. सर्व्हर सेटिंगमध्ये 'मेल सर्व्हरवर ठेवा' यावर आजच खूण केली. पण आमच्या खात्याला जागा १ जीबीच आहे. किती दिवसांनी पत्रं सर्व्हरवरून पुसायची मुदत घालू?

नाशिककर
३० दिवस घाला, आणि हस्तलिखितं यायच्या मोसमात जागा भरत आली तर १४ करा. तेवढ्यात आठवड्याला एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर होतेच.