'निविदा' नेमकी कोणाची? आणि 'देकार' म्हणजे?

नवाठेका: भाच्यासोबत सार्वजनिक बांधकाम खात्याच्या एका रस्त्याचे कागद करतोय. सूचनेत 'निविदा मागविण्यात येत आहेत' आणि खाली 'न्यूनतम देकार'. दोन्ही एकच का? शिवाय 'निविदा निघाली' असंही आपण म्हणतो. मग निविदा खात्याची की ठेकेदाराची?

मोजवही: मुळात ठेकेदाराची. 'निवेदना'चं भावंड आहे ते. हे काम मी इतक्यात करतो, हे कळवणं. खातं काढतं ती 'निविदा सूचना', पण बोलताना 'सूचना' गळून गेली. आता क्रियापदावरून ओळखायचं. निघते, रद्द होते ती खात्याची. भरतो, अपात्र ठरते ती आपली. आमचा पुतण्या 'निविदा रद्द' वाचून आपणच बाद झालो असं समजला आणि फेरनिविदेची तारीख चुकवून बसला!

शब्दवेडी: 'देकार' होकार-नकाराच्या चालीवरचा. 'ऑफर'साठी इतका नेटका शब्द असून तोंडात कुणाच्याच नाही.

मोजवही: तोंडात 'बिलो' असतो ना. "कितीनं गेलास?" "बारा बिलो." म्हणजे खात्याच्या अंदाजापेक्षा बारा टक्के कमी, ५० लाखांचं काम ४४ लाखांत. ही बी-१ या निविदा नमुन्याची भाषा, तिथे सगळ्या कामाला मिळून एकच टक्का. बी-२ मध्ये बाबनिहाय दर भरायचे, बिलो किती ते बेरीज झाल्यावर कळतं. टक्का टाकण्याआधी खात्याची दरसूची (ठरलेल्या दरांची यादी) बघालच, पण खडीची खाण किती किलोमीटरवर आहे तेही जाऊन बघा. पुष्कळांचा बिलो वाहतुकीतच मरतो.

नवाठेका: बयाणा आणि अनामत?

मोजवही: बयाणा म्हणजेच इसारा, निविदेसोबत भरायचा, काम नाही मिळालं तर परत. सुरक्षा अनामत काम मिळाल्यावर, आणि ती दोषदायित्व कालावधी (काम झाल्यावर दोष निघाले तर आपणच दुरुस्त करायचे ती मुदत) संपेपर्यंत अडकते. भांडवलाच्या हिशोबात ती धरा, नवे लोक हमखास विसरतात.

शब्दवेडी: 'बयाणा' अरबी 'बै' म्हणजे विक्री, त्यावरून फारसीमार्गे आला. 'अनामत' म्हणजे अक्षरं उलटलेली 'अमानत'. मला गंमत वाटते 'लिफाफ्या'ची. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर सगळं पडद्यावर, तरी तांत्रिक लिफाफा (पात्रतेचे कागद) आणि आर्थिक लिफाफा (दर) आहेतच. मोहोरेची लाख गेली, लिफाफा राहिला.

नवाठेका: भाचा विचारतोय, पत्रात 'देकार' लिहू का?

मोजवही: लिहू दे की. फक्त आर्थिक लिफाफ्यातला आकडा तांत्रिकमध्ये चढवू नका म्हणावं.