घरी लावलेलं जेल पॉलिश फक्त उजव्या हाताचंच निघतंय, मदत हवी आहे

डाव्या हाताचं मस्त टिकतं पण उजव्याचं आठवडाभरही राहत नाही, तुकडे पडत नाहीत, क्युटिकलकडून (नखाच्या मुळाशी असते ती कातडी) कड सुटते आणि मग अख्खंच्या अख्खं लसणीच्या सालीसारखं निघून येतं, शॅम्पू करताना केस अडकतात त्यात. जेल कडक करायचा लॅम्प ४८ वॉटचा एलईडी आहे, प्रत्येक कोट ६० सेकंद, अंगठा वेगळा धरते कारण तो आत तिरका पडतो. हलकं बफिंग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, पातळ कोट, टोकाची कड बंद करणं, सगळं करून झालंय. बेस कोट आणि टॉप कोट एकाच ब्रँडचे. भांडी ग्लोव्हज घालूनच घासते, हो आधीच सांगते 😅 घरात एसी नाही, मुंबईचा दमटपणा माहितीये, पण मग तो डाव्या हाताला का नाही लागत? मी उजवी, त्यामुळे उजव्या हाताला डाव्याने लावावं लागतं, जेल कातडीवर जात असावं असा संशय आहे. पार्लर नको, अ‍ॅसिडवाला प्रायमर (पकड वाढवायला बेसच्या आधी लावतात तो) पण नको, नखं पातळ आहेत. तर लॅम्पखाली धरायच्या आधी कडेला गेलेलं जेल तुम्ही नेमकं कशाने काढता, आणि रबर बेस (जाडसर, लवचिक बेस कोट) घेतला तर फरक पडेल का?