शेअर्ड स्टुडिओत प्रत्येकाला 'तुझ्या ओळखीवर काम कर' सांगतायत, काय करावं?

कोरा_कॅनव्हास
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण वाचा प्लीज. सांगलीत मार्केट यार्डाजवळ एका जुन्या हळदीच्या गोडाऊनमध्ये आम्ही पाच जण सध्या एकत्र काम करतोय, रेसिडेन्सी म्हणतात तशी, जागा फुकट, मटेरियलला थोडे पैसे आणि शेवटी एक दिवस लोकांना काम बघायला बोलवायचं. सगळे पंचविशीच्या आसपासचे, कुणी जीडी आर्ट म्हणजे कलेचा डिप्लोमा केलेलं, कुणी एटीडी म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा करून शाळेत तासिकेवर, एक जण फ्लेक्स डिझाईन करून घर चालवणारा. विषय आहे राजकारण आणि ओळख.

आता अडचण अशी की बाहेरून जे मेंटॉर येतात त्यांनी पहिल्याच भेटीत सगळ्यांना आडनाव, गाव विचारलं आणि तिथंच विषय वाटून टाकले. वाळवा तालुक्यातला मित्र मातंग समाजातला, त्याला सांगितलं तू जातीवर कर. मिरजेच्या मित्राच्या घरी तंबोरे बनवतात, त्याला म्हणाले आजच्या काळात मुसलमान असणं यावर कर. जतची मैत्रीण घरी कन्नड बोलते म्हणून तिला सीमाप्रश्न. कराडची एक आहे तिला बाईपण. आणि मी मराठा, तासगावकडचा, द्राक्षबागवाला, तर मला म्हणाले तुझ्याकडं तसं काही नाही, तू पर्यावरण घे.

मिरजेच्या मित्राला नुसता तंबोऱ्याचा भोपळा काढायचाय, महिनोन् महिने वाळत टांगलेला असतो तो, त्याचं पोट, त्याचा रंग. वाळव्याचा मित्र म्हणतो मी जातीवर करीन पण मला वाटेल तेव्हा करीन, सांगितलं म्हणून नाही. जतवाली तर बोलायचीच बंद झालीय. त्यात परवा आरक्षणावरनं दोघांचं जोरात वाजलं, एकानं टेबल उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, आणि गोडाऊनचे मालक विचारायला लागलेत की राजकीय काही लावणार नाही ना भिंतीला, उगाच कुणी दगड मारंल.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. ओळखीवर काम म्हणजे स्वतःची जात-धर्मच मांडायचा का? आणि एका छताखाली राजकारण वेगवेगळं असताना काम कसं करायचं? ज्यांनी असं कुठं केलंय त्यांनी सांगा.

तुणतुणं_मिरज
तुमच्या मिरजेच्या मित्राला सांगा बिनधास्त भोपळा काढ. मी त्याच गल्लीत वाढलोय. मिरजेत सतार-तंबोरे करणारे लोक मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, हत्यारांचे दिवस संपल्यावर फरीदसाहेबांसारखी माणसं तारांच्या वाद्यांकडं वळली, आणि आज देशभरातले गवय्ये मिरजेचा तंबोरा मागतात, 2024 ला जीआय, म्हणजे ठिकाणाच्या नावाचं मानांकन, पण मिळालाय. भोपळा येतो पंढरपूरकडनं, भीमेच्या काठचा. म्हणजे वारकऱ्यांच्या मुलखातला भोपळा, मुसलमान कारागिराचा हात आणि त्यावर गाणारा कुठल्याही जातीधर्माचा. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 ला गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी त्यांच्या नावानं तिथं गाणं होतं, ऐकायला सगळी मिरज बसते. एवढं सगळं त्या भोपळ्यात आधीच आहे. त्याला वरनं 'मी मुसलमान' अशी पाटी लावायची गरज नाही, आणि त्याला लावायची असंल तर ते त्यानं ठरवायचं, मेंटॉरनं नाही. मला खरंच राग आला वाचून.

येरळाकाठ_मास्तर
पोरांनो, मी शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना पोरं बसवण्यात आयुष्य गेलं, आता विट्याला असतो. थोडं सविस्तर लिहितो.

आडनाव बघून विषय वाटायचा हे चूक आहे, तिथं मी तुमच्या बाजूनं. पण म्हणून ओळख हा विषयच सोडू नका. वाटेगाव तुमच्या वाळव्यातच आहे, अण्णाभाऊ साठे तिथले, 1920 चा जन्म. मांगवाड्यातनं निघून मुंबईत गिरणीत काम केलं, 1944 ला शाहीर अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. त्यांनी जात लपवली नाही आणि फक्त जातीपुरतं लिहिलंही नाही, गिरणीवाला, शेतमजूर, गुन्हेगार ठरवलेला माणूस, फडातली बाई, सगळे आले. तमाशाचा गण, म्हणजे सुरुवातीचं वंदन, त्यांनी देवाऐवजी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वाहिला. म्हणजे घरातला फॉर्म घेतला आणि आतनं बदलला. तुमच्या मित्राचं म्हणणं मला त्याच वाटेवरचं वाटतं, त्याला घाई करू नका.

आता तासगावकर, तुझ्याबद्दल. तुझ्याकडं काही नाही असं तुला सांगितलं याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. ज्याची जमीन आहे त्याचीही जात असते बाबा, फक्त त्याला ती रोज कुणी विचारत नाही. तुझ्या बागेचा सातबारा काढ, मग जुने फेरफार काढ. कुणाच्या नावावरनं कुणाच्या नावावर जमीन गेली ते बघ. कनिष्ठ गावकामगारांची वतनं, म्हणजे गावकामाच्या बदल्यात मिळालेल्या जमिनी, महार वतनासारखी, 1958 च्या कायद्यानं गेली, त्या जमिनींचं तुमच्या गावात पुढं काय झालं ते विचार. तुझ्या बागेत छाटणीला कोण येतं, कुठल्या गावचं, रात्री कुठं झोपतं. यातनं चित्र निघंल का नाही माहीत नाही पण निघालं तर पर्यावरणापेक्षा खरं निघंल.

जतच्या लेकीला सांग, 2022 ला कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या 40 गावांवर हक्क सांगितला तेव्हा टीव्हीवर सगळे भाषेवर भांडत होते आणि गावातली माणसं म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी कधी येणार एवढंच विचारत होती. तिला पाण्यावर करायचं असंल तर तीच तिची ओळख. इकडं आमच्या येरळा नदीवर बळीराजा धरण लोकांनी नदीतली वाळू विकून उभं केलं आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा हवा असं धरलं. नागनाथअण्णा नायकवडींनी 1993 पासून आटपाडीत पाणी परिषद भरवली. ह्या भागातलं राजकारण म्हणजे आधी पाणी.

आणि जिल्ह्याची ओळख म्हणाल तर तीही एकसलग नाही. 1949 ला दक्षिण सातारा म्हणून जिल्हा झाला, सांगली नाव 1960 ला. त्याआधी आटपाडी औंध संस्थानात, जत स्वतंत्र संस्थान, मिरजेच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या म्हणजे दोन संस्थानं, सांगली पटवर्धनांची, वाळवा-तासगाव इंग्रजी साताऱ्यात. पाच जणांच्या आज्यांना विचारा लहानपणी राजा कोण होता, पाच वेगळी उत्तरं येतील आणि वाळव्याच्या घरात तर कुणीतरी नाना पाटलांचं प्रतिसरकार सांगंल, 1943 ते 46 तिथं इंग्रजांचं नव्हे त्यांचंच चालत होतं. हे मोठ्या कागदावर काढा ना सगळे मिळून.

एक दिवस काढून औंधला जाऊन या. बाळासाहेब पंतप्रतिनिधी राजे होते, स्वतः चित्रकार होते, 1938 ला संग्रहालय उभं केलं, रविवर्म्याची चित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प सातारा जिल्ह्यातल्या टेकडीवर बघायला मिळतं. आणि त्याच राजानं 1939 ला संस्थानाची सत्ता लोकांच्या हातात देणारी घटना मान्य केली, गांधीजींचा सल्ला घेऊन. चित्रकार आणि राजकारण वेगळं असतं असं कुणी म्हणालं तर त्याला औंध दाखवा.

निवांत_कृष्णा
माझं मत वेगळं आहे. कलेत राजकारण आणलं की कला मागं पडते आणि भांडणं पुढं येतात, तुमच्याच स्टुडिओत बघा टेबलं हलायला लागली. माणूस दिवसभर बातम्या बघून कंटाळलेला असतो, त्याला घाट दाखवा, नदी दाखवा, डोळे निवू देत. मालकांची भीतीपण खोटी नाही, त्यांना त्याच पेठेत धंदा करायचाय.

ठसे_आणि_शाई
@निवांत_कृष्णा दादा, 2019 च्या पुरानंतर कृष्णेचा घाट नुसता घाट म्हणून काढायला मला तरी हात उचलत नाही. धरणातनं पाणी कधी सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात किती अडवलं, यावरनं दोन राज्यं भांडत होती आणि लोक माळ्यावर बसले होते. नदी काढा, पण ती नदीपण राजकारणातलीच आहे.

आता मूळ प्रश्नावर. मीपण कराडची, छापाचित्रं करते, अशा दोन-तीन सामायिक जागांमध्ये राहून काम केलंय. भांडणाचं म्हणाल तर ते दाबू नका. आमच्याकडं आठवड्यातनं एक संध्याकाळ ठरलेली असायची, प्रत्येकानं अर्धवट काम भिंतीला लावायचं आणि ज्याचं काम त्यानं गप्प बसायचं, बाकीच्यांनी फक्त काय दिसतंय तेवढं बोलायचं, कोण आहेस हे काढायचं नाही. आरक्षणावरची चर्चा चहाच्या वेळी करा, हवी तेवढी करा, पण कामासमोर कामाचंच बोलायचं. एवढ्यानं खूप फरक पडतो. आणि झाडलोट, चहा, मालकाशी बोलणं ह्या पाळ्या लावा. जिथं मी होते तिथं झाडू आपोआप मुलींच्याच हातात यायचा आणि भिंतीवर समतेची पोस्टरं, मला ते अजिबात चालत नाही.

दुसरं, दुसऱ्याचं आयुष्य काढताना त्याला विचारा. ऊसतोडीच्या टोळीचे, झोपडपट्टीचे फोटो काढून आणायचे आणि मोठं करून लावायचं हे फार होतंय. सांगलीत वेश्याव्यवसायातल्या बायकांची स्वतःची संघटना आहे, वॅम्प म्हणजे वेश्या अन्याय मुक्ती परिषद, 1996 पासूनची, त्या स्वतः व्यासपीठावर उभ्या राहून आपलं म्हणणं मांडतात. मग आपण त्यांच्या वतीनं कशाला मांडायचं, त्यांनाच बघायला बोलवा की. ज्याचं चित्र आहे तो माणूस उद्घाटनाला आला आणि त्यानं 'हे बरोबर हाय' म्हटलं पाहिजे, ही माझी परीक्षा.

मालकांना अंधारात ठेवू नका. कुठलं काम कुठल्या भिंतीला ते आधी दाखवा, पक्षाचं चिन्ह, नेत्याचा चेहरा नाही एवढं लिहून द्या, आणि ज्या कामाची त्यांना खरंच धास्ती वाटते ते दुसऱ्या जागी लावा, कॉलेजच्या हॉलला, वाचनालयात. ही माघार नाही. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद गावोगाव पायी फिरून काळ्या शाईत माणसं काढत होते, त्यांच्या पुस्तकाच्या प्रती इंग्रजांनी जप्त करून जाळल्या, तरी चित्रं राहिलीच ना. लिनो घ्या, म्हणजे कोरून छापायची मऊ पाटी, स्वस्त पडतो, एका पाटीतनं भरपूर छाप निघतात, पाच जणांच्या पाच पाट्या एका कागदावर छापून यार्डातल्या हमालांना वाटा. गोडाऊन त्यांच्या पाठीवर चाललेलं, पहिले प्रेक्षक तेच.

कोरा_कॅनव्हास
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पाची जणांनी बसून हा सगळा थ्रेड मोठ्यानं वाचला. टेबल अजून कोपऱ्यातच आहे पण भिंतीला काम लावायचा वार ठरलाय, आणि झाडू या आठवड्यात माझ्याकडं. मिरजेचा मित्र घरनं एक फुटका भोपळा घेऊन आलाय. जतवाली म्हणाली मी टँकरच्या रांगेतल्या घागरी काढणार, आणि नावं कन्नडमधून लिहिणार, बघणाऱ्यानं विचारावं म्हणून. मेंटॉरना आम्ही पाच जणांच्या सहीनं मेल केलाय की विषय आमचे आम्ही निवडू, तुम्ही फक्त काम बघा.

मास्तर, तुमचं ते जमिनीचं वाचून झोप लागली नाही. घरी आप्पांना फोन केला तर ते म्हणाले कशाला उकरतोस. मला उकरायचंय. जुने फेरफार नेमके कुठं मिळतात?

येरळाकाठ_मास्तर
तलाठ्याकडं अलीकडचे मिळतील. जुन्यांसाठी तहसील कचेरीत अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यायचा, गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर दोन्ही लिही, नकलेची फी भरायची आणि चार हेलपाटे घालायची तयारी ठेवायची. आप्पांशी भांडू नको, त्यांना सोबत घेऊन जा, आठवणी त्यांच्याकडंच आहेत. फार जुने कागद मोडी लिपीत असतील. मला मोडी वाचता येते, विट्याला घेऊन या, पाचही जण या.