समाकलनाचा इतिहास वाचायचा आहे, पुस्तक सुचवावे

प्रश्न

एम.एस्सी.ला मेझर थिअरी (संचांची ‘लांबी’ म्हणजे माप ठरवण्याचा सिद्धांत) सुरू झाली आहे. पदवीला रीमानचे समाकलन (इंटिग्रल) शिकले. आता पहिल्याच तासापासून फळ्यावर सिग्मा-अल्जेब्रा (ज्यांचे माप घेता येते अशा संचांचा समूह) आहे, पण तो कशासाठी लागला हे कुणी सांगत नाही. रीमानपासून लेबेगच्या नव्या समाकलनापर्यंत, म्हणजे १८५४ ते १९०२ या काळात गणितज्ञांचे नेमके कुठे अडले होते, हे सिद्धतांसह सांगणारे पुस्तक जाणकारांनी कृपया सुचवावे.

प्रतिसाद १

डेव्हिड ब्रेसूड यांचे २००८ सालचे ‘अ रॅडिकल ॲप्रोच टू लेबेग्ज थिअरी ऑफ इंटिग्रेशन’ घ्या. आहे ते पाठ्यपुस्तकच, पण मांडणी इतिहासाच्या वाटेने जाते. कोशीची १८२३ ची, संतत फलनांपुरती (फंक्शन) असलेली समाकलनाची व्याख्या आणि फूरिये श्रेढींच्या विचारातून रीमानने १८५४ मध्ये काढून टाकलेली सांतत्याची अट, हा भाग भरभर वाचला तरी चालेल.

थांबायचे ते व्होल्टेराच्या उदाहरणापाशी. पिसाला विद्यार्थी असतानाच १८८१ मध्ये त्याने ते दिले. ० ते १ या अंतरालातून मधला १/४ लांबीचा तुकडा काढायचा, उरलेल्या दोन भागांतून प्रत्येकी १/१६, पुढच्या चारांतून प्रत्येकी १/६४. असे करत गेले की काढलेली एकूण लांबी १/२ भरते, आणि उरलेल्या संचात एकही अंतराल नसला तरी त्याला नगण्य म्हणता येत नाही. काढलेल्या प्रत्येक तुकड्यात, दोन्ही टोकांपाशी ‘क्ष वर्ग गुणिले साइन १/क्ष’ सारखे वागणारे फलन बसवले आणि इतरत्र शून्य ठेवले, तर त्याचा अवकलज (डेरिव्हेटिव्ह) सगळीकडे मिळतो, परिबद्धही (ठरावीक मर्यादेत राहणारा) असतो, पण उरलेल्या संचाच्या प्रत्येक बिंदूपाशी खंडित होतो. त्यामुळे रीमानच्या अर्थाने त्याचे समाकलन होत नाही आणि कलनाचे मूलभूत प्रमेयच अडते. हे स्वतः कागदावर करून पाहाच. परिबद्ध अवकलजाचे समाकलन केले की मूळ फलन परत मिळते, या लेबेगच्या निष्कर्षाचे मोल मगच कळते.

प्रतिसाद २

वरील शिफारस योग्यच आहे. मात्र इतिहास हाच मुख्य हेतू असेल, तर थॉमस हॉकिन्स यांचे १९७० चे ‘लेबेग्ज थिअरी ऑफ इंटिग्रेशन’ टाळू नये. जो संच कुठल्याच अंतरालात दाट नाही, तो हव्या तितक्या कमी एकूण लांबीच्या तुकड्यांनी झाकता येतो, असे हांकेलने १८७० मध्ये मानले होते, आणि स्मिथने १८७५ मध्येच प्रतिउदाहरण दिले होते. माझ्या मते मापाच्या कल्पनेची खरी निकड याच गोंधळातून निर्माण झाली.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अवकलज परिबद्ध नसेल तर?

प्रतिसाद १

तिथे लेबेगचे समाकलनही अपुरे पडू शकते. ‘क्ष वर्ग गुणिले साइन १/क्ष वर्ग’ घेऊन शून्याजवळ तपासा. डाँज्वाने १९१२ मध्ये आणि पेरोनने १९१४ मध्ये त्यावर उत्तरे दिली; पुढे कुर्झवाइल आणि हेन्स्टॉक यांनी रीमानच्याच बेरजांमध्ये थोडा बदल करून तेच साधले. त्यासाठी रॉबर्ट बार्टल यांचे २००१ चे ‘अ मॉडर्न थिअरी ऑफ इंटिग्रेशन’ पाहावे, पण परीक्षेनंतर.